मनू, इंजेक्शन बॅगेत टाकलंस ना?

प्रिय मनू,

ताईकडून कळलं तू सोमवारी मांघरला निघतेयस. फोन उचलत नाहीस म्हणून लिहितोय. २०२२ साली महाबळेश्वरजवळचं हे मांघर देशातलं पहिलं मधाचं गाव झालं तेव्हा ते कात्रण तूच फ्रिजवर लावलेलंस, आणि आता तिथेच कामाला जातेयस, आजीने अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले. ॲलर्जीचं इंजेक्शन तेवढं घे.

टाकीखालच्या मोहोळाचा विषय काढणार नव्हतो. पण फवारणीच्या कागदावर सही माझीच होती. रात्री फवारणी झाली, सकाळी माशा झाडूने गोळा केल्या, तीन सुपं भरली. तू म्हणालीस आग्या माशा पाऊस लागायच्या आत आपोआप उठून जातात, महिनाभर थांबला असतात तर काय बिघडलं असतं बाबा? बरोबर होतं तुझं. पण मला तिथे मोहोळ दिसतच नव्हतं गं, आठवीतली तू दिसत होतीस, येऊरला एकच माशी चावली आणि उपवनपर्यंत येईतो ओठ सुजले, श्वास घरघरायला लागला, रिक्षावाला नुसता हॉर्न दाबून होता आणि तू माझा शर्ट घट्ट धरलेला.

तिकडे पेटीत पाळलेल्या सातेरी माशा असतील पण जंगलात आग्या असणारच. काटा लागला तर लगेच काढ, तो तुटून राहिला तरी विष सोडत राहतो, आणि त्याच्या वासाने बाकीच्या येतात म्हणून तिथून लांब हो. इंजेक्शन मांडीत, आणि टोचलं तरी हॉस्पिटल गाठायचंच. सॉरी, तुझाच विषय तुलाच शिकवत बसलो.

गच्चीवरच्या ड्रममधला आजीचा भोपळा आठवतो? यंदा वेल जोरात आहे पण फळ धरत नव्हतं. मादी फुलाच्या बुडाशी गोटीएवढा भोपळा असतो ना, तो पिवळा पडून गळायचा. आता रोज सकाळी साडेसहाला मी वर जातो, नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढतो आणि मधला दांडा मादी फुलात हलकेच फिरवतो, बोटं पिवळी होतात. ऊन चढलं की फुलं मिटतात त्यामुळे ऑफिसच्या आधीच उरकावं लागतं. आठ फुलांना केलं, तीन धरली. माशा होत्या तेव्हा वेलाकडे कोणी बघायचंही नाही.

पहिला भोपळा उतरला की घारगे करायचे म्हणतेय आजी, तुझ्यासाठी ठेवू.

आणि इंजेक्शनची एक्सपायरी बघ. दोन घे, एक सोबतच्या मुलीकडे देऊन ठेव आणि कसं टोचायचं ते तिला जायच्या आधीच दाखव.

बाबा