लोहचुंबकाच्या भरवशावर नको

महोदय,

‘आकाशातून पडलेला दगड लोहचुंबकाला चिकटतो’ हे वाक्य आपल्या रविवारच्या पुरवणीत आले आणि ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीत दगडांची जत्रा भरली. पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याचे, खाणीतले, एक तर टीटीसी औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याशा भट्टीचा स्लॅग, म्हणजे धातू वितळवताना उरणारा मळ. मुलांनी दोऱ्याला चुंबक बांधून जवळ नेला. बहुतेकांकडे तो झुकला. झाले, संध्याकाळपर्यंत अकरा अशनी, म्हणजे आकाशातून पडलेले दगड!

ठाणे-नवी मुंबईत ही परीक्षा कुचकामी आहे. आपल्या पायाखालच्या काळ्या बेसाल्टमध्येच मॅग्नेटाइटचे कण असतात, त्यामुळे चुंबक हलणारच. आणि दगडाला बुडबुड्यांची भोके असतील तर तो बहुधा बेसाल्ट किंवा स्लॅगच समजावा.

उलट उदाहरण गुजरातचे. १७ ऑगस्ट २०२२ रोजी बनासकांठ्यातल्या दियोदर तालुक्यात दोन गावांत अशनीचे तुकडे पडले. एक कडुनिंबाच्या फांदीवर आपटून फुटला, दुसऱ्याने ओसरीची फरशी फोडली. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीत तपासल्यावर तो ऑब्राइट या दुर्मीळ प्रकारचा अशनी ठरला. भारतात पडलेला हा दुसराच. पहिला १८५२ मधला, उत्तर प्रदेशातल्या बस्तीचा. ऑब्राइट मुख्यतः एन्स्टाटाइटचा, म्हणजे लोह जवळजवळ नसलेल्या खनिजाचा, आणि आतून फिकट. आमच्या मुलांच्या हाती लागला असता तर चुंबक ढिम्म हलला नाही म्हणून थेट केरात! नागपूरजवळच्या काटोलला २०१२ मध्ये पडलेल्या दगडात धातुरूप लोह आहे, तिथे चुंबक चिकटेल. पण एका काटोलवरून नियम कसा करायचा?

शिवाय चुंबक नुकसान करतो, ते पुरवणीत नव्हतेच. काही अशनींनी सूर्यमालेच्या बालपणातल्या चुंबकीय क्षेत्राची खूण जपलेली असते. साडेचार अब्ज वर्षे टिकलेली ती खूण फ्रिजवरचा चुंबक क्षणात बिघडवू शकतो. धुणे, फोडणे, हळदकुंकू वाहणे हेही नकोच. काही अशनींतले क्षार पाण्यात विरघळतात.

तेव्हा कृपया एवढी दुरुस्ती छापावी: दगड पडताना कोणी पाहिला असेल, त्यावर जळल्यासारखी पातळ काळी साल असेल, तर जागेचा फोटो काढावा, दगड उघड्या हाताने न उचलता स्वच्छ अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळावा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावे.

आमचे अकरा अशनी तूर्त जिन्याखाली आहेत. त्यातला सर्वात जड दगड पाण्याच्या टाकीच्या झाकणावर ठेवायला वॉचमन घेऊन गेला.

– एक निवृत्त भूगोल शिक्षिका, ऐरोली, नवी मुंबई