शर्टाचा मुंढा आणि मापाची चिठ्ठी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लग्नसराई जवळ आली की पुरुषांच्या कपड्यांबद्दल एक तक्रार हमखास कानावर येते. बायकांना शंभर प्रकार, आम्हाला मात्र शर्ट-पँट, फार तर कुर्ता आणि वरून जॅकेट. तक्रार खोटी नाही. बँकेत, शाळेत, कचेरीत पुरुषाला रंगसुद्धा मोजकेच चालतात. पण प्रकार चारच असले की अर्ध्या इंचाचा फरकही लांबून नजरेत भरतो, हे आम्ही शिवणकाम करणारे रोज बघतो. पुरुषाची स्वतःची ढब कापडाच्या नक्षीपेक्षा मापात असते. आणि नागपुरात ते माप आजही ठरवून घेता येतं. गांधीबागेत मीटरवर कापड मिळतं, महाल-इतवारीत शिवून देणारे हात अजून आहेत.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे मुंढा. बाही जिथे अंगाला जोडतात तो गोल. नागपूरच्या उन्हाळ्यात हवा खेळावी म्हणून गिऱ्हाईक सांगतं, "मुंढा खोल ठेवा." होतं नेमकं उलटं. मुंढा जितका खाली, तितकी बाही आणि शर्टाची बाजू एकमेकांत अडकते. हात वर केला की अख्खा शर्ट त्याच्याबरोबर ओढला जातो. तपासायची रीत सोपी आहे. शर्ट पँटमध्ये खोचून आरशासमोर उभं राहायचं आणि दोन्ही हात गाडीचं हँडल धरल्यासारखे पुढे करायचे. शर्ट पट्ट्यातून इंचापेक्षा जास्त वर आला तर मुंढा खोल आहे. बगलेच्या खाली दोन बोटं जागा पुरे. हवा खेळते ती छातीच्या सैलपणामुळे आणि कापडामुळे: अंगाची छाती ४० इंच असेल तर शर्टाची ४४ ठेवावी, उन्हाळ्यासाठी ४५. रेडिमेड शर्टाचा खोल मुंढा मागाहून वर घेता येत नाही, कारण तिथलं कापड आधीच कापून गेलेलं असतं. म्हणून रेडिमेड घेताना आधी खांदा आणि मुंढा बघावा, मग पोट. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर बसली पाहिजे. पोटाजवळचा घेर बाजूची शिवण उसवून अर्ध्या तासात कमी होतो; खांदा लहान करायचा तर दोन्ही बाह्या काढाव्या लागतात.

पाठीच्या चुण्यांचंही तेच. योकच्या, म्हणजे खांद्यामागच्या आडव्या पट्टीच्या, खाली मधोमध एक पेटीची चुणी घालतात, ती दिसायला ठीक. पण हात पुढे केल्यावर कापड लागतं ते पाठीच्या दोन्ही फऱ्यांवर. तिथे एकेक चुणी घालायला सांगावी.

कॉलरच्या टोकाची लांबी दर काही वर्षांनी बदलत राहते. कधी सव्वादोन इंच, कधी साडेतीन. पावणेतीन ते तीन इंच कधी जुनं वाटत नाही. मान आखूड असेल तर कॉलरची पट्टी पुढून इंचभरच ठेवायला सांगावं, लांब असेल तर सव्वा इंच. बटण लावल्यावर आत दोन बोटं सहज जावीत. कॉलरला फोड येण्याची तक्रार असते, त्यात दोष बहुधा धुणाऱ्याचा नसतो. कॉलर ताठ राहावी म्हणून आत चिकटणारं बुकरम, म्हणजे कडक अस्तर, इस्त्रीने लावलेलं असतं. वरचं सुती कापड धुतल्यावर आटतं, बुकरम आटत नाही, मग गोंद सुटतो. कापड आधी भिजवलेलं असेल तर हे टळतं. शिवून बसवलेलं सुती बुकरम मागितलं तर कॉलर थोडी मऊ बसते, पण फोड येत नाहीत.

भिजवणं हा सर्वांत जास्त टाळला जाणारा भाग आहे. सुती कापड ३ ते ५ टक्के आटतं, आणि ते ताण्याच्या दिशेने, म्हणजे उंचीत जास्त. ३० इंचांचा शर्ट एक ते दीड इंच आखूड होतो, २४ इंचांची बाही मनगट सोडते. कापड रात्रभर साध्या पाण्यात बुडवावं, न पिळता सावलीत वाळवावं, किंचित ओलं असताना इस्त्री करून मगच शिवायला टाकावं. वर्ध्याकडच्या हातसुताच्या खादीला असं दोनदा करावं. मध्यम बांध्याच्या माणसाच्या फुल बाहीच्या शर्टाला ३६ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) सव्वादोन ते अडीच मीटर कापड लागतं, ५८ इंच पन्ह्याचं १.६ मीटर. चौकडा असेल तर पाव मीटर जास्त घ्यावं. खिशाची आणि पुढच्या पट्टीची रेघ अंगाच्या रेघेला जुळली पाहिजे, आणि ते जुळवायला कापड लागतंच.

शर्ट खोचून घालणार की बाहेर ठेवणार, हे शिवायला टाकतानाच सांगावं. साडेपाच-पावणेसहा फूट उंचीला खोचायचा शर्ट ३० इंच, बाहेर ठेवायचा २७ ते २८. ३० इंचांचा शर्ट बाहेर ठेवला की पाय आखूड दिसतात. बऱ्याच जणांना आपण बुटके वाटतो याचं खरं कारण हे आहे, उंची नव्हे. पँटचं आसन, म्हणजे कंबरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतची उंची, तीही बघावी. कंबर बेंबीच्या थोडी खाली बसली तर पाय लांब दिसतो आणि पोट पट्ट्यावर लोंबत नाही. मोहरीचा, म्हणजे पँटच्या पायाच्या खालच्या टोकाचा, घेर बुटाच्या मापावर ठरवावा: सात-आठ नंबरला १४ ते १५ इंच, नऊच्या पुढे १६. मागच्या शिवणीत दोन्ही बाजूंना इंच-इंच माया (शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड) आणि खाली दोन इंच दुमड मागावी. एवढ्यावर कंबर पुढे दीड इंच तरी वाढवता येते.

रंगाबद्दल थोडंच. घामाचे डाग फिक्या करड्या आणि आकाशी रंगावर सर्वांत ठळक दिसतात. पांढरा, गडद निळा आणि बारीक छापाचं कापड ते झाकतात.

आता आमच्या भागाच्या कापडाबद्दल, कारण खरी ओळख तिथे आहे. भंडारा जिल्ह्यात मोहाडी-आंधळगावकडचे विणकर कोसा विणतात. ऐन आणि अर्जुनाच्या झाडावरच्या किड्याचं हे रेशीम, न रंगवता मधासारखं दिसतं. करवती काठ त्याची जुनी खूण. कोशाचं जॅकेट किंवा कुर्ता कुठल्याही पांढऱ्या सुती कपड्याबरोबर उठून दिसतो. काठ मात्र एकाच जागी लावावा, पुढच्या पट्टीला किंवा बाहीच्या टोकाला. सगळीकडे लावला की कापड हरवतं. शिवताना चूक होते ती तंग शिवण्यात. कोशाचे धागे शिवणीपाशी सरकतात, पाठीवर जाळी पडते. छातीला चार इंच सैल, पाऊण इंच माया, बारीक सुई, इंचाला बारा टाके, आणि बगलेत सुती कापडाचा तुकडा, कारण घाम रेशमाला खातो. अत्तर कपड्यावर मारू नये, डाग जात नाही.

एप्रिल-मेमध्ये पारा ४५ वर असताना नवरदेवाला पूर्ण अस्तराचा पॉलिस्टर-मिश्र सूट घालायला लावणं आम्हाला पटत नाही. सुती किंवा लिननचा कोट अर्ध्या अस्तराने शिवता येतो. पाठीच्या वरच्या भागाला आणि बाह्यांना अस्तर, बाकी उघडं, आतल्या शिवणींच्या कडा पट्टीने झाकलेल्या. ५८ इंच पन्ह्याचं दोन ते सव्वादोन मीटर कापड पुरतं. लिननला चुण्या पडणारच. शर्टासाठी साठ ली (लिननच्या सुताच्या बारीकपणाचं माप), कोटासाठी त्याहून जाड घ्यावं, म्हणजे त्या मोठ्या आणि मोजक्या पडतात. आणि डोक्याला बांधायचा पांढरा दुपट्टा! नागपूरच्या पुरुषाच्या अंगावर चार महिने हाच कपडा सर्वांत जास्त दिसतो, आणि तोच सर्वांत कमी निवडून घेतला जातो. हातमागाचा, मऊ धुतलेला, बारीक किनारीचा दुपट्टा घेऊन बघावा.

रेडिमेडच घालणाऱ्यांनी निदान बटणं बदलावीत. शर्टाला साधारण ११ मिलिमीटरचं बटण लागतं. करवंटीचं किंवा शिंपल्याचं घ्यावं, आणि लावताना खाली दोऱ्याची छोटी मान ठेवावी, नाहीतर काजाजवळ कापड ओढलं जातं.

आपल्यामार्फत दोन मागण्या. दुकानदारांनी कापडाच्या ताग्यावर पन्हा आणि आटण्याचं प्रमाण लिहावं. आणि आमच्या व्यवसायबंधूंनी माप फक्त स्वतःच्या वहीत न ठेवता गिऱ्हाइकाच्या हातात चिठ्ठी द्यावी: खांदा, छाती, मुंढा, बाही, कॉलर, शर्टाच्या दोन्ही उंच्या, कंबर, आसन, मोहरी, आणि माप घेतल्याची तारीख. आपल्या पुरवणीत अशा कोऱ्या तक्त्याला चार बोटं जागा मिळाली, तर वाचकांना तो कापून पाकिटात ठेवता येईल.

आपले नम्र,
शिवणकाम करणारे काही कारागीर,
महाल, नागपूर