आई-बाबा, बाग विकू नका

त्रिमूर्तीनगर, नागपूर

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल बाबांनी फोनवर बागेला गिऱ्हाईक आल्याचं सांगितलं आणि मला पुढे बोलताच आलं नाही. म्हणून लिहिते आहे. बाबा, माझ्या आजारपणासाठी वरूडची बाग विकू नका. पैसा कधीच लागणार नाही असं मी म्हणत नाही. पण आज लागत नाही, आणि लागेल तेव्हासाठी ऑफिसचा विमा आहे, आम्ही दोघांनीही बाजूला टाकून ठेवलं आहे.

आई म्हणते, कॅन्सर आहे म्हटल्यावर डॉक्टर नुसते बघत कसे बसतात, मुंबईला दाखव. आई, बायोप्सीच्या स्लाइड मुंबईलाही पाठवल्या होत्या. उत्तर तेच आलं. माझा लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, फॉलिक्युलर जातीचा, सावकाश वाढणाऱ्यांतला. तो एका जागी नाही, म्हणून कापून टाकता येत नाही. औषधाने दबतो, कित्येक वर्षं दबून राहतो, पण बहुतेकांत पुन्हा डोकं वर काढतो. मग काही त्रास नसताना औषध आधीच दिलं तर माणूस जास्त जगतो का? ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी हे 309 रुग्णांवर तपासलं. काहींना लगेच केमोच्या गोळ्या दिल्या, बाकीच्यांना गरज पडेपर्यंत थांबवलं. 2003 साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापून आला. जगण्यात दोन्हीकडे फरक नव्हता. थांबलेल्यांपैकी निम्म्यांना अडीच-पावणेतीन वर्षांत औषध लागलं, आणि पाचातल्या जवळपास एकाला दहा वर्षांनीही केमो लागली नव्हती. आता रिटुक्सिमॅबसारखी चांगली औषधं आहेत, 2007 पासून आपल्याकडेही बनतात. ती माझ्यासाठी राखून ठेवली आहेत, एवढंच.

दर तीन महिन्यांनी जाते. डॉक्टर मान, काखा, जांघा हाताने चाचपतात, पोटावर दाबून प्लीहा वाढली का पाहतात, रक्त तपासतात. एखादी गाठ सात सेंटिमीटरच्या पुढे गेली, रक्तपेशी घसरल्या, सहा महिन्यांत वजन दहा टक्के उतरलं, कारण नसताना 100.4 च्या वर ताप येत राहिला, तर थांबणं संपलं. एखादी गाठ अचानक झपाट्याने वाढली तरी लगेच पुन्हा बायोप्सी, कारण हा आजार कधीकधी जात बदलून वेगाने वाढणारा होतो. हे तुमच्यापासून लपवायचं नाही असं मी ठरवलं आहे.

रात्री दरदरून घाम फुटणं हेही एक लक्षण. आता तुम्हीच सांगा, नागपूरच्या मे महिन्यात ते ओळखायचं कसं? यंदा एका रात्री लाइट गेली, कूलर बंद पडला. मला जाग आली तर उशी ओली, गाऊन पाठीला चिकटलेला. काळजात धस्स झालं. अंधारात मान चाचपत बसले. मग तुमच्या जावयांच्या पाठीवर हात ठेवला, तर त्यांचाही बनियन पिळून काढण्यासारखा भिजलेला. तेव्हा जीव भांड्यात पडला. डॉक्टर म्हणाले, कपडे आणि चादर बदलावी लागेल इतका घाम थंडीतही वरचेवर येऊ लागला तर फोन करा. भीती वाटते, आई. तपासणीच्या आठवड्यात तर पोळी घशाखाली उतरत नाही. पण रिपोर्ट आला की मी पुन्हा ऑफिसला जाते, लेकीचा अभ्यास घेते, अंबाझरीला चक्कर मारते. केमो सुरू असती तर हे दिवस असे गेले नसते.

गुळवेलीचा काढा पाठवू नकोस. तू मायेने करतेस, ठाऊक आहे. पण 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काहींच्या लिव्हरला इजा झाल्याचं नोंदवलं आहे. माझं लिव्हर बिघडलं तर ते काढ्याने की आजाराने, हे शोधण्यातच वेळ जाईल. ज्वारीच्या कण्या पाठव, अंबाडीची भाजी पाठव.

बाबा, आंबिया बहारासाठी, झाडं फुलावर यावीत म्हणून, तुम्ही बागेचं पाणी तोडता, तेव्हा रोज सकाळी जाऊन पानं पाहता. फार कोमेजू देत नाही, आणि शेजाऱ्याने सोडलं म्हणून पाणीही सोडत नाही. माझे डॉक्टर तसंच करताहेत.

पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. तुम्ही दोघंही या, माझ्यासोबत आत चला आणि जे विचारायचं ते डॉक्टरांनाच विचारा. बाबा, प्रश्न कागदावर लिहून आणा, तिथे आठवत नाहीत. आणि येताना डोळ्यांचे कागदही आणा. मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्यामुळे दोनदा पुढे ढकललंत, ते याच फेरीत करून घेऊ.

गिऱ्हाइकाला आजच नाही म्हणून सांगा.

तुमची,
बेबी