कॅथेटरच्या आधीची सुरी

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरील, म्हणजे एट्रिअल फिब्रिलेशनवरील उपचारांचा आपल्या आरोग्य पुरवणीतील लेख वाचला. लेख वाचनीय आहे. मात्र या उपचारांचा इतिहास मांडीच्या रक्तवाहिनीतून सरकवलेल्या कॅथेटरपासूनच, म्हणजे बारीक नळीपासूनच, सुरू होतो, असा समज त्यातून होतो. ती वाट आधी शल्यविशारदांनी सुरीने आखली होती.

या विकारात कर्णिका, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे, आकुंचन न पावता नुसते थरथरतात. त्यामुळे ठोके अनियमित पडतात, रक्त पुढे ढकलण्यातला कर्णिकांचा हातभार जातो, आणि साकळलेल्या रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होऊ शकतो. १९८० साली ड्यूक विद्यापीठातील शल्यविशारदांनी डावी कर्णिका विद्युतदृष्ट्या विलग करण्याची पद्धत मांडली. पुढे १९८५ मध्ये शल्यविशारद गिरोदों यांनी सायनस नोडपासून (जिथे ठोक्याचा विद्युतसंदेश उगम पावतो) एव्ही नोडपर्यंत (जिथून तो खालच्या कप्प्यांकडे जातो) स्नायूची अरुंद पट्टी तेवढी राखणारी ‘कॉरिडॉर’ शस्त्रक्रिया केली. ठोके नियमित झाले, पण विलग केलेला भाग थरथरतच राहिला आणि गुठळीचे भय टळले नाही.

ही कोंडी फोडली सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील शल्यविशारद जेम्स कॉक्स यांनी, २५ सप्टेंबर १९८७ रोजी केलेल्या ‘मेझ’ म्हणजे भूलभुलैया शस्त्रक्रियेने. कर्णिकांना छेद देऊन ते पुन्हा शिवले, की व्रणाच्या रेषेतून विद्युतसंदेश पार होत नाही. हे छेद अशा बेताने दिले होते, की संदेशाला एव्ही नोडकडे नेणारी एकच वाट आणि तिला फुटलेले बंद बोळ उरावेत. बोळाच्या टोकापर्यंत संदेश पोहोचल्याने तिथला स्नायूही आकुंचन पावतो, पण वळसा घालून पुन्हा मूळ जागी यायला त्याला रस्ता नसतो. आणि असे गोल फिरत राहणे हेच विकाराचे मूळ मानले जात होते. पेठांत वाढलेल्या पुणेकरास हे वेगळे समजावून सांगायला नको.

पहिली आखणी निर्दोष नव्हती. श्रम केल्यावर काही रुग्णांचे ठोके पुरेसे वाढत नसत, म्हणून सायनस नोडजवळचे छेद बदलावे लागले आणि तिसरी आवृत्ती रूढ झाली. विकाराची ठिणगी बहुधा फुप्फुसशिरांच्या, म्हणजे फुप्फुसांतून डाव्या कर्णिकेत रक्त आणणाऱ्या शिरांच्या, मुखाशी पडते, हे फ्रान्समधील बोर्दो येथील हृदयतज्ज्ञ हायसागेर यांनी १९९८ मध्ये दाखवले; कॉक्स यांच्या छेदांनी त्या शिरा अकरा वर्षे आधीच वेढल्या होत्या. छेदून शिवण्याचे हे काम इतके किचकट, की फारच थोडे शल्यविशारद त्याच्या वाटेला गेले. पुढे बहुतेक छेदांची जागा रेडिओलहरींच्या उष्णतेने आणि अतिशीत उपकरणांनी घेतली.

माझ्या आईच्या मायट्रल झडपेच्या (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेच्या) आजाराच्या निमित्ताने मी या विषयाकडे वळलो. झडपेच्या रुग्णाला हाही विकार असेल, तर योग्य रुग्णांत दोन्ही कामे एकाच शस्त्रक्रियेत होऊ शकतात. एवढी एक ओळ लेखात असती, तर छाती उघडण्यापूर्वीच नातेवाइकांना डॉक्टरांकडे तशी विचारणा करता आली असती.

आपला,
एक वाचक, नारायण पेठ, पुणे