साऊंडवाल्या दादांना, लिंकिन पार्कसाठी आणि बाकी सगळ्यासाठी

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

पत्र तुम्हाला आहे, पण सगळ्यांना वाचता यावं असं लिहितेय. कार्यक्रम संपला की गायकाला शाल मिळते, निवेदकाचं कौतुक होतं, शेवटी ‘ध्वनिव्यवस्था’ म्हणून घाईघाईत एक नाव घेतलं जातं आणि तोवर आपण केबल गुंडाळायला लागलेले असतो. तुमचे आभार एकदा नीट, चारचौघांत मानायचे होते. निमित्त लिंकिन पार्क या अमेरिकन रॉक बँडनं दिलं. २४ आणि २५ जानेवारी २०२६ला मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापालूझा हा संगीत महोत्सव आहे आणि त्यात हा बँड वाजवणार, ही बातमी वाचल्याबरोबर मी आधी तुम्हाला फोन लावला होता. तुम्ही टेम्पोत होतात, काही ऐकू येत नव्हतं. फोनवर राहून गेलेलं इथं लिहिते.

तुमच्याकडे काम मागायला आले तेव्हा मिरज-सांगलीत मला बऱ्याच ठिकाणांहून हसून परत पाठवलं होतं. मुलगी रात्री-अपरात्री टेम्पोत कुठं बसणार, सब, म्हणजे खर्जाचे जड स्पीकर, कोण उचलणार, घरचे काय म्हणतील. तुम्ही यातलं काहीच विचारलं नाहीत. “गाणी कुठली ऐकतीस?” एवढंच विचारलंत. मी लिंकिन पार्क म्हटल्यावर तुम्ही कपाटातून त्यांच्या पहिल्या अल्बमची, ‘हायब्रिड थिअरी’ची कॅसेट काढलीत, गोडाऊनमधल्या दोन टॉप स्पीकरवर लावलीत आणि म्हणालात, “आता काय काय ऐकू येतंय ते सांग. आवडतंय का ते नको सांगू.”

‘इन दि एंड’ होतं. मी सांगत गेले: पियानो, ड्रम, रॅप, मग गाणं, मग गिटार. तुम्ही परत लावलंत. “गिटार कुठं नाही ते ऐक.” आणि तेव्हा कळलं. बँडमधला रॅपर माइक शिनोडा कडव्यात रॅप करत असतो तेव्हा जड गिटार जवळजवळ नसतेच. पियानोची ती छोटी सुरावट फिरत राहते, खाली ड्रम, मध्येच त्यांचा डीजे जो हानच्या टर्नटेबलचा आवाज. रॅपमध्ये शब्द भराभर येतात आणि प्रत्येक अक्षर कळायला हवं, म्हणून सगळे बाजूला सरकलेले. गायक चेस्टर बेनिंग्टन ध्रुवपद घेऊन आला की मग गिटार चारी बाजूंनी भरून येते, कारण त्याचा आवाज तिच्यावरून जाऊ शकतो. नंतर ‘पेपरकट’ लावलंत. त्याच्या शेवटी रॅप आणि गाणं एकाच वेळी चालतं, दोन वेगळ्या ओळी, आणि तरी दोन्ही सुटे ऐकू येतात. तुम्ही म्हणालात, हिपहॉप आणि रॉक एकत्र करणारे खंडीभर आहेत. दोघांनाही श्वास घ्यायला जागा ठेवणारे थोडे.

आज भावे नाट्यगृहात ऑर्केस्ट्राच्या वेळी ढोलकीवाला आणि कीबोर्डवाला दोघंही ‘वाढव, वाढव’ अशी खूण करतात तेव्हा मी वाढवत नाही. दुसऱ्याचा फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, थोडा खाली घेते, मिड, म्हणजे मधल्या पट्टीतला आवाज, जरा कापते, आणि दोघंही खूश होऊन अंगठा दाखवतात. ही विद्या तुमची.

बँडची सुरुवातीची गोष्टही तुम्ही टेम्पोतच सांगितलीत, कुठल्याशा लग्नाहून परत येताना. कॅलिफोर्नियातल्या अगोरा हिल्सच्या शाळेतली पोरं, माइक शिनोडा, ब्रॅड डेल्सन आणि रॉब बोर्डन. १९९६मध्ये ‘झीरो’ नावानं सुरुवात. अनेक कंपन्यांनी नकार दिले, पहिला गायक सोडून गेला. १९९९मध्ये ॲरिझोनातल्या चेस्टरकडे डेमोची टेप पोहोचली आणि स्वतःच्या वाढदिवसाची पार्टी सोडून तो स्टुडिओत जाऊन त्यावर गायला. पुढं करार झाल्यावरही कंपनीतल्या काही लोकांना माइकचं रॅप नकोच होतं. चेस्टर एकटा पुढं असावा असं त्यांना वाटत होतं. बँडनं ऐकलं नाही, चेस्टरनंही नाही. २४ ऑक्टोबर २०००ला ‘हायब्रिड थिअरी’ आला आणि २००१मध्ये अमेरिकेत सगळ्यात जास्त खपला. हे सांगताना तुम्ही दर वेळी चेस्टरपाशी थांबायचात. नव्यानं आलेल्या गायकाला अख्खा मंच मिळत होता आणि त्यानं तो एकट्यानं घेतला नाही.

दौऱ्यांचं तुम्हाला जास्त अप्रूप होतं, आपला धंदाच तो. पहिल्या अल्बमनंतर ते इतके रस्त्यावर होते की पुढच्या ‘मेटिओरा’चं बरंचसं काम दौऱ्याच्या बसमध्येच स्टुडिओ थाटून सुरू झालं. २००२मध्ये त्यांनी ‘प्रोजेक्ट रिव्हॉल्यूशन’ नावाचा स्वतःचा दौरा काढला आणि पहिल्याच वर्षी सायप्रेस हिलसारख्या रॅप गटाला सोबत घेतलं. २००४ला त्याच मंचावर कॉर्न हा रॉक बँडही होता आणि रॅपर स्नूप डॉगही. दोन्हीकडच्या प्रेक्षकांनी एकमेकांना सहन करायला शिकावं म्हणून आधी त्यांना एका मैदानात उभं करायचं, ही युक्ती मला अजून पटते. त्याच वर्षी रॅपर जे-झीबरोबरचं ‘कोलिजन कोर्स’ आलं. नुसती जुनी ट्रॅक एकमेकांवर चिकटवून भागेना, वेग जुळेनात, म्हणून रॅप पुन्हा म्हणून घेतलं. त्यातल्या ‘नम्ब/एन्कोर’ला २००६मध्ये ग्रॅमी मिळालं.

‘लाइव्ह इन टेक्सास’ची डीव्हीडी तुम्ही मला एका अटीवर दिली होतीत: चेस्टरकडे बघायचं नाही. एकदा फक्त जो हानकडे बघायचं, एकदा फक्त ड्रमकडे, एकदा माइक शिनोडा हातातला माइक सोडून गिटार कधी घेतो ते. किती अवघड होतं ते, चेस्टरवरून नजर हटत नाही. पण त्यातूनच मला मंचावर कोण कधी कुणाकडे बघतं हे वाचायला आलं. कुणाला मॉनिटरमध्ये, म्हणजे कलाकारांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, काय ऐकू येत नाहीये, हे आता मला चेहऱ्यावरून कळतं.

मग आपली भांडणं. २००७च्या ‘मिनिट्स टु मिडनाइट’मध्ये रॅप अवघ्या दोन गाण्यांत उरलं, पोरं चिडली, मीही चिडले. २०१०चा ‘अ थाउजंड सन्स’ तर माझ्या कॉलेजच्या गटानं एका दिवसात मोडीत काढला. तुम्ही मला बसवून तो सलग ऐकवलात, गाणी न तोडता. त्यात मधेच शास्त्रज्ञ ओपनहायमरचा आवाज येतो, अणुबॉम्बच्या चाचणीनंतर गीता आठवल्याचं सांगणारा. अल्बमचं नावही अकराव्या अध्यायातल्या ‘दिवि सूर्यसहस्रस्य’वरूनच, त्याच्याच मार्फत तिकडे पोहोचलेलं. ते ऐकून तुमच्या आईंनी आतून श्लोक पुरा म्हटला होता, न अडखळता. त्या दिवसापासून तो माझा सगळ्यात आवडता अल्बम आहे. आजही कुणी त्याला नावं ठेवली की मी वाद घालते. २०१४च्या ‘द हंटिंग पार्टी’त गिटार परत आली आणि रकीमसारखा हिपहॉपमधला थोरला माणूस एका गाण्यात पाहुणा म्हणून आला, तेव्हा तुम्ही लहान मुलासारखे खूश झाला होतात.

२०१५च्या जानेवारीत चेस्टरचा घोटा मोडला आणि त्यांना दौरा रद्द करावा लागला. तुमची पहिली प्रतिक्रिया होती, “त्यांच्या क्रूचं काय?” मला ते वाक्य २०२०मध्ये रोज आठवायचं. आपलं गोडाऊन बंद, गणपती नाहीत, लग्नं नाहीत, जत्रा नाहीत. तुम्ही एक जनरेटर विकून सगळ्या पोरांना पगाराचा काही भाग देत राहिलात, आणि याबद्दल कुठं बोलायचं नाही असं बजावलंत. ते आज मोडतेय.

आता २०१७बद्दल. ६ जुलैला बर्मिंगहॅमला त्यांचा कार्यक्रम झाला, अमेरिकेतला दौरा महिनाअखेर सुरू व्हायचा होता, आणि २० जुलैला चेस्टरनं आपलं आयुष्य संपवलं. आपल्याकडे रात्र होती. मी फोन केला तर तुम्ही काहीच समजावलं नाहीत, लाइनवर थांबलात फक्त. दुसऱ्या दिवशी माझा कार्यक्रम होता. तो तुम्ही दुसऱ्या कुणाला दिला नाहीत. स्वतः आलात आणि पूर्ण वेळ माझ्या मागं खुर्ची टाकून बसलात. त्यानंतर एक गोष्ट बदलली, ती बाकीच्यांच्या लक्षात आली नसेल. कार्यक्रम संपून टेम्पो भरला की तुम्ही एकेका पोराला बाजूला घेऊन विचारायला लागलात: झोप लागते का, जेवतोस का, डोक्यात काय चाललंय. एका मुलाला तुम्ही स्वतः डॉक्टरकडे घेऊन गेलात आणि औषधं सुरू असेपर्यंत त्याला रात्रीची कामं दिली नाहीत. तो आज माझ्यासोबत मॉनिटर सांभाळतो.

२७ ऑक्टोबरला हॉलिवूड बोलमध्ये चेस्टरच्या आठवणीत कार्यक्रम झाला, तो आपण गोडाऊनमध्ये यूट्यूबवर पाहिला. आपल्याकडे तेव्हा सकाळ. ‘नम्ब’ आलं तेव्हा मधला माइक स्टँड तसाच रिकामा, बँड वाजवतोय आणि प्रेक्षक गातायत, अख्खं गाणं. मी रडत होते. तुम्ही हळूच म्हणालात, “प्रेक्षकांचा आवाज बघ किती नीट घेतलाय. कुणीतरी तिथं बसून हे करतंय, त्याचेही डोळे भरले असतील.” त्या क्षणी या कामाबद्दल मला वाटला तेवढा अभिमान आधी कधी वाटला नव्हता.

सप्टेंबर २०२४मध्ये ते परत आले, एमिली आर्मस्ट्राँग या नव्या गायिकेला घेऊन. रॉब बोर्डन आला नाही, ड्रमवर कॉलिन ब्रिटन. ब्रॅड बँडमध्ये आहे पण दौऱ्यावर त्याच्याऐवजी ॲलेक्स फेडर गिटार वाजवतो. लोक एमिलीवर तुटून पडले. चेस्टरच्या ठिकाणी बाई, हे काहींना सहनच होईना. तुम्ही मला ‘द एम्प्टिनेस मशीन’ पाठवलंत आणि खाली तुमचा तोच प्रश्न, “काय ऐकू येतंय?” पहिलं कडवं आणि ध्रुवपद माइक एकटा गातो. ऐकणाऱ्याला ओळखीच्या आवाजात आधी स्थिर होऊ देतो. मग दुसऱ्या कडव्याला ती येते, आणि येते ती पूर्ण ताकदीनं. मला टेम्पोतल्या माझ्या पहिल्या कामाची रात्र आठवली. आधी तासभर मिक्सरवर तुम्ही बसलात, आयोजकांची खात्री पटली, आणि मग काही न बोलता खुर्ची मला दिलीत.

दादा, मनापासून आभार. कॅसेटसाठी, त्या खुर्चीसाठी, माझ्यामागं टाकलेल्या तुमच्या खुर्चीसाठी. तिकिटं दोन काढली आहेत. बँड २५ला वाजवणार, म्हणून २४च्या रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस मिरजेहून धरू. गर्दीत पुढं घुसायचं नाही, कन्सोलच्या, म्हणजे त्यांच्या मिक्सरच्या, अगदी मागं उभं राहायचं. तिथं आवाज सगळ्यात खरा लागतो हे तुम्हीच शिकवलंय. कानात घालायचे प्लग मी घेते. २६ला सकाळी झेंडावंदनाची कामं लागलेली असणार, ती या वर्षी पोरांवर सोपवा. त्यांना जमतं आता.

तुमची,
मिक्सरवरची मुलगी