तेलक्षेत्रावर निघालेल्या मुलांचा एक तास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझा भाचा पाइप वेल्डर असून पुढील महिन्यात तो सौदी अरेबियातील एका दूरच्या तेलक्षेत्रावर दोन वर्षांच्या करारावर रुजू होत आहे. मी स्वतः औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिल्प निदेशक म्हणून काम करून निवृत्त झालो. गेले तीन महिने त्याच्याबरोबर कागदपत्रांसाठी फिरताना मला एका गोष्टीची खंत वाटत राहिली, ती अशी की, सिक्स-जी पोझिशनमध्ये, म्हणजे तिरक्या बसवलेल्या पाइपभोवती, वेल्ड कसे मारावे हे आम्ही मुलांना शिकवले, पण जिथे जाऊन ते मारायचे तिथे निघण्यापूर्वी काय तयारी करावी, याचा एक तासही मी कधी घेतला नाही.

सुरुवात पैशांपासून झाली. सोलापुरातील एका मध्यस्थाने भाच्याकडे १ लाख २० हजार रुपये मागितले, पावती देण्यास नकार दिला आणि ‘आत्ता व्हिजिट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून मिळेल’ असे सांगितले. बहिणीने पाटल्या गहाण टाकण्याची तयारीही केली होती. वास्तविक १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणारी एजन्सी परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणीकृत असावी लागते, तिला उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते, आणि तिचा परवाना क्रमांक ‘ई-मायग्रेट’ या सरकारी पोर्टलवर घरबसल्या तपासता येतो. आम्ही तो तपासून मुंबईच्या एका एजन्सीकडे गेलो. मेडिकल, ट्रेड टेस्ट आणि बायोमेट्रिकसाठी सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या चार फेऱ्या झाल्या, पण पाटल्या हातातच राहिल्या.

येथे एक विचित्र पेच आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगाराच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे जाण्यापूर्वी सरकारी तपासणी आवश्यक) असा शेरा असतो, त्यामुळे आखाती देशांत कामाला जाताना त्याला करार दाखवून सरकारी परवानगी घ्यावीच लागते आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमाही काढावा लागतो. या विम्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचे संरक्षण असून दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आहे. दहावी आणि आयटीआय झालेल्या मुलाला मात्र ही सक्ती नाही. परिणामी शिकलेला मुलगाच करार कोणी तपासला नाही, विमा कोणी काढला नाही अशा अवस्थेत विमानात बसतो, आणि त्याला त्याचे भूषणही वाटते.

नावांच्या घोळाविषयी आपल्या शहरात वेगळे सांगायला नको. तेलुगू आणि कन्नड आडनावांचे इंग्रजी स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आयटीआयच्या प्रमाणपत्रावर दुसरे आणि पासपोर्टवर तिसरे, हा प्रकार पूर्व भागातील निम्म्या घरांत सापडेल. व्हिसाच्या वेळी धावपळ करण्यापेक्षा हे प्रवेशाच्या वर्षीच दुरुस्त करून घ्यावे. बँकेतील साधे बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घेणेही निघण्यापूर्वीच बरे.

मला खरी काळजी वाटते ती कामाच्या जागेची. ‘सौदी’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जेद्दा किंवा रियाध येते. परंतु रुब अल खाली वाळवंटातील शयबा हे तेलक्षेत्र धाहरान शहरापासून सुमारे ८०० किलोमीटरवर वाळूच्या टेकड्यांत आहे. अशा ठिकाणी कॅम्प हेच गाव. भाचा मला म्हणाला, ‘मामा, तिथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी बारा ते तीन उन्हात काम बंद असते.’ ते खरे आहे, पण त्या नियमातून तेल आणि वायू कंपन्यांचे कामगार वगळलेले आहेत, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. सोलापूरचा उन्हाळा सोसला म्हणजे झाले, हा समज घेऊन जाणे धोक्याचे आहे, कारण येथे आपण बाराला सावली धरतो.

त्याहून गंभीर बाब हायड्रोजन सल्फाइडची. अनेक तेलविहिरींतून तेलाबरोबर हा विषारी वायू येतो. सुरुवातीला त्याला कुजक्या अंड्यांसारखी दुर्गंधी असते, पण प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. म्हणजे वास थांबला की गडी निश्चिंत होतो आणि नेमका तेव्हाच तो सर्वांत मोठ्या धोक्यात असतो. हवेपेक्षा जड असल्याने हा वायू खड्ड्यांत आणि चरांत साचतो, आणि पाइप वेल्डर नेमका चरात बसलेला असतो. वाऱ्याची दिशा पाहून तिला आडवे निघावे आणि उंचावर जावे, एवढे सांगायला पाच मिनिटे लागतात. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत ती पाच मिनिटे मी काढली नाहीत.

एक घरगुती गोष्टही सांगतो. बहिणीने शेंगाचटणी, कडक भाकरी आणि वर्षभराचा काळा मसाला बांधून ठेवला होता. मसाल्यात खसखस होती. आखाती देशांत खसखस अमली पदार्थांत मोडते आणि ती सामानात सापडल्यास तुरुंगवास होऊ शकतो, हे ऐकल्यावर ती बराच वेळ डब्याकडे बघत राहिली. मग तो मसाला शेजाऱ्यांना देऊन टाकला आणि खसखशीशिवाय नवा कुटला. खोकल्याच्या आणि वेदनाशामक औषधांबाबतही हीच दक्षता घ्यावी लागते.

माझी विनंती जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि कौशल्य विकास विभाग यांना आहे. वेल्डर, फिटर आणि इलेक्ट्रिशियन या ट्रेडच्या शेवटच्या सत्रात यासाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवावा. त्या दिवशी संगणकावर ई-मायग्रेट उघडून दाखवावे, कराराचा एक नमुना ओळीने ओळ वाचून घ्यावा आणि तेलक्षेत्रावर काम करून परतलेल्या एखाद्या कारागिराला वर्गात बोलवावे. असे कारागीर आपल्या एमआयडीसीत पुष्कळ आहेत. आम्ही जमवलेल्या कागदांची फाईल, त्या मध्यस्थाने लिहून दिलेल्या खर्चाच्या चिठ्ठीसह, मी या कामासाठी देण्यास तयार आहे.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक,
होटगी रोड, सोलापूर