अण्णांच्या टाचेचा रिपोर्ट

ब्रिस्बेन

प्रिय विनू,

अण्णांच्या बायोप्सीचा रिपोर्ट मिळाला. ओळ न ओळ वाचला. काल फोनवर तू दोनच गोष्टी फिरून फिरून विचारत होतास: जन्मभर द्राक्षबागेत उन्हात राबल्याने हे झालं का, आणि आता हे तुझ्या नि पोरांच्या वाट्याला येणार का. मागे काकूंचा आवाज येत होता, त्यामुळे धड बोलता आलं नाही. म्हणून लिहितोय. उत्तरं आधीच सांगतो. हे उन्हामुळे झालेलं नाही. आणि वारशाने पोरांकडे जाण्याची शक्यता फारच कमी आहे. आता कारणं सांगतो, कारण नुसत्या धीराच्या बोलण्याने तुझं समाधान होत नाही हे मला शाळेपासून माहीत आहे.

रिपोर्टवर ‘ॲक्रल लेंटिजिनस मेलानोमा’ असं लिहिलंय, म्हणजे तळव्यांवर नि नखांखाली होणारा मेलानोमा. मेलानोमा म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. गूगलवर तू नुसतं ‘मेलानोमा’ टाकलंस की जे समोर येतं ते बहुतेक गोऱ्या कातडीचं असतं, आणि त्यातलं बरंचसं मी राहतो त्या क्वीन्सलँडचं. इथे ऑफिसात, शेजारी, कुणाच्या ना कुणाच्या पाठीवरचा तीळ काढलेला असतोच. देशादेशांतला वयाचा फरक काढून टाकून मोजलं तर ऑस्ट्रेलियात वर्षाला लाखामागे ३५ च्या आसपास लोकांना मेलानोमा होतो. भारतात लाखात एकालाही नाही. ब्रिटन-आयर्लंडकडून आलेल्यांची फिकट कातडी आणि इथलं कडक ऊन, हे गणितच वाईट जमलं.

ऊन दोषी आहे हे कसं कळलं, तर ब्रिस्बेनच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर नॅम्बोर म्हणून एक गाव आहे. तुला आपलंसं वाटेल असं, साखर कारखान्याचं गाव. उसाच्या छोट्या आगगाड्या भर बाजारातून जायच्या. कारखाना २००३ मध्ये बंद झाला. त्या गावात ॲडेल ग्रीन या संशोधक बाईंनी १९९२ ते १९९६ असा प्रयोग केला. १,६२१ गावकऱ्यांचे चिठ्ठ्या टाकून पाडावेत तसे गट पाडले. निम्म्यांनी डोकं, मान, हात यांवर रोज सनस्क्रीन लावायचं, बाकीच्यांनी आपापल्या मर्जीप्रमाणे. नंतर दहा वर्षं त्या लोकांवर लक्ष ठेवलं. रोज लावणाऱ्यांत नवे मेलानोमा ११ निघाले, दुसऱ्या गटात २२. आकडे लहान आहेत, पण मला हा पुरावा फार मोलाचा वाटतो. उन्हात किती बसलात हे लोकांना आठवून सांगायला लावलं की ते अंदाजे सांगतात. इथे आठवणीवर काही सोडलंच नव्हतं.

ऊन पेशीत जाऊन काय करतं तेही आता ठाऊक आहे. त्यातले अतिनील किरण डीएनएमधली शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटवून टाकतात. पेशी ती दुरुस्त करते, पण एखादी राहून गेली की पुढे नक्कल होताना ‘सी’च्या जागी ‘टी’ येतो. गाठीचा डीएनए वाचला की असे बदल हजारोंनी दिसतात, आणि त्यावरून ऊन तिथे पोचलं होतं की नाही हे सांगता येतं.

अण्णांच्या बाबतीत कामाचं आहे ते हे. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १८३ मेलानोमांचा संपूर्ण जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा डीएनए, वाचून प्रसिद्ध केला. त्या कामाचे एक प्रमुख, निकोलस हेवर्ड, इथे ब्रिस्बेनच्याच संस्थेतले. पाठीवरच्या, हातावरच्या गाठी उन्हाच्या त्या खुणांनी भरलेल्या. तळवे आणि नखांखालच्या गाठींत मात्र चित्र वेगळं: उन्हाचे बदल थोडे, आणि गुणसूत्रांचे तुकडे तुटून भलत्याच ठिकाणी जोडले गेलेले. नाव एक, पण हा दुसराच आजार म्हण. अरे, टाचेच्या तळाला ऊन लागणार तरी कधी? जपानी डॉक्टरांनी तळव्यावरच्या अशा डागांचे नकाशे काढले, तर ते जास्त करून जिथे शरीराचा भार पडतो तिथे, टाचेवर आणि चवड्यावर, सापडले. तेव्हा ‘मी बागेत त्यांना दुपारचं जाऊ द्यायला नको होतं’ हे जे तू बोललास ते मनातून काढून टाक.

आता वारशाचं. तुझी खरी घाबरगुंडी उडाली ती रिपोर्टखालच्या ओळीमुळे, ‘बीआरएएफ व केआयटी म्युटेशन तपासणी करावी’. बीआरएएफ आणि केआयटी ही जनुकं, आणि म्युटेशन म्हणजे त्यांच्यातला बदल. विनू, ही तपासणी अण्णांच्या रक्ताची नाही, गाठीची आहे. हे बदल त्या टाचेतल्या एका पेशीत केव्हातरी घडले आणि तिच्या पिल्लावळीतच राहिले. ते घेऊन अण्णा जन्माला आले नव्हते, म्हणून ते तुला देऊही शकत नाहीत. तपासायचं ते औषध ठरवायला. बीआरएएफमधला बदल २००२ मध्ये इंग्लंडच्या सँगर संस्थेत सापडला; कातडीच्या साधारण निम्म्या मेलानोमांत तो असतो, तळव्यावरच्यात बराच कमी, पण असला तर त्याच्यावर गोळ्या आहेत. केआयटीमध्ये बदल निघाला तर इमॅटिनिबचा काही रुग्णांना उपयोग होतो. रक्ताच्या कॅन्सरला देतात तीच गोळी, आणि आपल्याकडे ती जेनेरिकमध्ये मिळते. हे सगळं पुढे लागलं तर. आज लगेच नाही.

खरा वारशाचा मेलानोमा वेगळा. सीडीकेएन२ए नावाचं जनुक आहे, नवव्या गुणसूत्रावर. १९९४ मध्ये त्याचा आणि मेलानोमाच्या घराण्यांचा संबंध लागला. त्याचं काम पेशींच्या वाढीला आवर घालण्याचं. ते बिघडलेलं असलेल्या घराण्यांचा अभ्यास २००२ मध्ये आला: ऐंशीव्या वर्षापर्यंत मेलानोमा होण्याची शक्यता युरोपात ५८ टक्के, अमेरिकेत ७६, ऑस्ट्रेलियात ९१. बिघाड तोच, देश बदलला की आकडा बदलतो. ही मुळातच खूप रुग्ण असलेली म्हणून निवडलेली घराणी होती, इतरांत धोका कमी निघतो. तरीही जनुक आणि ऊन कसे हातात हात घालून चालतात हे मला या तीन आकड्यांइतकं दुसऱ्या कशाने पटलं नाही. तुमच्या घराकडे पाहिलं तर संशय घ्यावा असं काही नाही. एकाच बाजूच्या दोन-तीन नातेवाइकांना मेलानोमा, किंवा मेलानोमाबरोबर स्वादुपिंडाचा कॅन्सर, किंवा एकाच माणसाला दोन-तीनदा, असं असतं तेव्हा डॉक्टर तिकडे वळतात. पोरांच्या रक्ताच्या महागड्या तपासण्या कुणी सुचवल्या तर आधी मला विचार.

आता रिपोर्टमधला ज्याच्याकडे नीट बघायला हवं तो आकडा: ‘ब्रेस्लो जाडी २.१ मिमी’. हे माझ्या रोजच्या हाताखालचं काम. काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, त्यातून चार मायक्रॉन जाडीचे काप काढून कोमट पाण्यावर सोडायचे, सुरकुती मोडली की अलगद काचेवर घ्यायचे. मग पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकातून मोजतात की वरच्या थरापासून पेशी किती खोल उतरल्यात. १९७० मध्ये ब्रेस्लो यांनी दाखवलं की पुढचं बरंचसं या खोलीवर ठरतं, आणि आजही तसंच आहे. दोन मिलिमीटरच्या वर म्हणजे डागाभोवती साधारण दोन सेंटिमीटर कातडी काढावी लागते; टाचेला तेवढी सैल कातडी नसते, म्हणून दुसरीकडची लावतील. आणि आजार पसरलाच तर आधी जिथे पोचतो ती जांघेतली पहिली लसिकाग्रंथी काढून तपासतील. अण्णांच्या जांघेत अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ, आलंय का हे मुद्दाम विचार, ते आपणहून सांगायचे नाहीत. ‘ब्लेड लावलं की पसरतो’ असं तुझे मामा म्हणाले ना? नाही पसरत. पसरतो तो न काढल्याने.

बिब्ब्याचं ऐकून मात्र पोटात कालवलं. कुरूप समजून आधी कॉर्न कॅप, मग बिब्ब्याचा चटका. बिब्ब्याचाच डाग काळा, त्याखाली हा काळा झाकला गेला. आपल्या भागात कुणाच्याही घरी हेच झालं असतं, तेव्हा आत्याला कुणी बोल लावू नका. पण तुम्ही सगळे एकदा पाय धुऊन उजेडात बसा आणि तळवे, बोटांच्या बेचक्या, नखं बघा. आपल्या रंगाच्या माणसांच्या बऱ्याच नखांवर पुसट रेघा असतात, त्यांना घाबरायचं नाही. एकाच नखावर नवी काळी रेघ, रुंद होत जाणारी किंवा नखाच्या कडेच्या कातडीवर उतरलेली, तर दाखवायचं. कुरूप समजलेलं काही काळं असेल, वाढत असेल, तर बिब्बा नाही, कॅप नाही, सरळ त्वचारोगतज्ज्ञ. बॉब मार्लेच्या पायाच्या अंगठ्यातला हाच आजार आधी फुटबॉलची इजा वाटली होती. १९८१ मध्ये तो गेला तेव्हा जेमतेम ३६ वर्षांचा होता.

परळला टाटाला जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नकोस. सांगलीच्या लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक दोन्ही मागून घे. मागितल्याशिवाय कुणी हातात देत नाही. तिथे ते पुन्हा वाचतील, आणि म्युटेशन तपासणीही त्याच ब्लॉकमधून होईल. ब्लॉक कापसात गुंडाळून डबीत ठेव, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नकोस, मेण वितळतं. शस्त्रक्रिया होईपर्यंत अण्णांनी टाचेवर भार टाकून बागेत फिरू नये, छाटणीची काळजी मधूवर सोपवा.

तारीख मिळाली की लगेच कळव. बुधवारी रात्री तुमच्या जेवणानंतर फोन करतो, मधूलाही थांबवून ठेव. काकूंना हे पत्र वाचून दाखव, निदान पहिला परिच्छेद तरी. अण्णांना नमस्कार.

तुझा,
श्रीधर